मागच्या चाकाचा बोल्ट

दादा, मागच्या चाकाचा बोल्ट मी हलवला होता. मधल्या भोकाऐवजी पुढच्या भोकात घातला आणि तुला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हाही सांगितलं नाही. तुझा बांध गेला, तुझं नाव गेलं, आपलं बोलणं गेलं, ते सगळं त्या एका बोल्टापासून सुरू झालं.

एवढं साधं वाक्य तुझ्या तोंडावर बोलायला मला जमलं नाही. आता तू नाहीस, तर ते कागदावर लिहायला काहीच त्रास होत नाही, याचीच लाज वाटते. तुझ्याबद्दल लोक बरंच बोलतायत. तू विहाराचं काम कसं पुढे नेलंस, कोणाच्या लग्नात कसा उभा राहिलास, वगैरे. ते त्यांनी बोलावं. मला फक्त आपल्या नांगराविषयी लिहायचं आहे. आपल्या दोघांत जे चांगलं होतं ते त्या नांगराभोवती होतं, आणि जे बिघडलं ते त्याच्याच शेपटीला असलेल्या चाकामुळे.

तो नांगर आपण शहागडहून आणला, आठवतं? हायवेवरच्या एका ढाब्यामागे, ट्रकच्या जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी तो गवतात पडला होता. जुन्या जमान्यातला तव्यांचा नांगर. फाळाच्या जागी तीन मोठे लोखंडी तवे, तिरके बसवलेले, ट्रॅक्टर चालला की गरगर फिरत माती कापणारे आणि उजव्या अंगाला उलथून टाकणारे. बनवणाऱ्याचं नाव रंगाखाली कधीच पुसलं गेलं होतं. सगळीकडे हायड्रॉलिकचे पलटी नांगर आले होते आणि विकणारा स्वतःच म्हणत होता की भंगारवाल्याला बोलावणारच होतो. मला तर वाटलं आपण उगाच एवढ्या लांब आलो. तू मात्र उकिडवा बसलास, मधल्या तव्याला हाताने झटका दिलास आणि कान लावून ऐकत राहिलास. तवा बराच वेळ फिरत राहिला.

"बेअरिंग चांगलं हाये, बाळू," तू म्हणालास. "गंज वरवरचा हाये. आपल्या रानात पलटी नांगर दगडाला अडकून बसतो. ह्यो वरून चढून जाईल."

आपलं रान केदारखेड्याच्या अलीकडचं, वर काळी माती आणि हातभर खाली दगड. तुझं म्हणणं खरं होतं, पण मी लगेच कबूल केलं नाही. परतीच्या ट्रकमध्ये मागे नांगराशेजारी बसून आपण त्याच तव्याच्या खोलग्यात शेंगा ओतल्या आणि फोडून खात आलो. टरफलं वाऱ्याने आपल्याच तोंडावर येत होती. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांची मोजदाद करायला बसलो तर तो दिवस पहिल्या काहींत येईल.

आज्याचं रान आपल्या दोघांच्या वडिलांत वाटलेलं. वरचा तुकडा तुमचा, खालचा आमचा, मध्ये एक बांध. तू चुलत भाऊ असून सख्ख्यालाही कोणी मारणार नाही अशा हाका मी तुला मारल्या. ट्रॅक्टर दोघांचा मिळून, नांगरही दोघांचा मिळून. उन्हाळ्यात आधी एकाने आपलं रान नांगरायचं, मग दुसऱ्याने. यात कधी भांडण होईल असं आपल्याला वाटलंच नव्हतं, म्हणून आपण काही ठरवलंही नव्हतं. ठरवला होता तो एकच नियम, तोही तूच. नांगर दुसऱ्याच्या ताब्यात देताना त्याने विचारायचं, "काय हलवलं?" आणि देणाऱ्याने सांगायचं.

हा नियम का, ते तू पहिल्या वर्षी अंगणात दाखवलं होतंस. हा नांगर नुसता जोडून चालत नाही, लावावा लागतो. शेतात ट्रॅक्टरची उजवी चाकं आधीच्या फेऱ्याच्या चरात, तासात, चालतात, म्हणजे ट्रॅक्टर उजवीकडे कललेला असतो. मग अंगणातही तो तसाच कलवायचा. तू डाव्या चाकांखाली फरशा घातल्यास, तासाच्या खोलीएवढ्या. नांगर खाली सोडलास. वरचा दांडा, टॉप लिंक, एकेक आटा आवळत पुढचा आणि मागचा तवा सारखा टेकेपर्यंत आणलास. आडवा दांडा फिरवून पुढच्या तव्याची रुंदी धरलीस. मागच्या चाकापासून सुतळी ताणलीस. हे सगळं एकमेकांत असं गुंतलेलं की एक हलवलं की दुसरं बिघडतं, आणि काय हलवलं ते माहीत नसेल तर माणूस भलतंच दुरुस्त करत बसतो.

फरशा वहिनींच्या धुण्याच्या जागेवरच्या होत्या. त्याआधीच्या आठवड्यात तू घरातलं जुनं जातं नांगराच्या सांगाड्यावर बांधलं होतंस, वजनासाठी. वहिनी ओला पिळा हातात घेऊन दारात आल्या.

"जातं नेलं, आता फरशी नेली. उद्या मलाच बसवा नांगरावर."

तू मान वर न करता म्हणालास, "ट्रॅक्टर उचलंल का न्हाई ते पाहावं लागंल."

पिळा तुझ्या पाठीवर बसला. मी हसून हसून खाली बसलो. परवा वहिनींना याची आठवण करून दिली तर त्या हसल्या, आणि हसताना पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

जात्यावरून आपला वाद कधी मिटला नाही. मी म्हणायचो, माती कडक असली की वजन वाढवावं, तवा आपोआप घुसतो. तू म्हणायचास, वजन राहू दे, तवा जरा उभा कर, त्याची कड मातीला लागू दे. तवा जास्त लेटला की तो मातीवर सरकतो, चावत नाही. दरवर्षी तू तवे उभे करायचास आणि दरवर्षी मी जातं पुन्हा बांधायचो. नांगर चांगला चालला की दोघंही आपलंच खरं झालं म्हणायचो. आता त्या वादाचा निकाल लावायला दुसरा माणूसच राहिला नाही. खरं सांगू का, तुझं बरोबर होतं. जातंही थोडं कामाला यायचं, पण तुझं जास्त बरोबर होतं.

त्या वर्षी आधी माझी पाळी होती. माझ्या रानात कोपऱ्यात बाभळीचं खोड होतं, झाड तोडलेलं, बुडखा जमिनीतच राहिलेला. तू बजावून सांगितलं होतंस की तिथं नांगर उचल. मी म्हणालो होतो, तूच म्हणतोस ना तवा चढून जातो. तू म्हणालास, "तवा चढंल. चाकाचं काय?"

मी उचलला नाही. तुला खोटं पाडायचं होतं म्हण. तवे खरंच चढले, एकामागून एक, छान उतरलेही, आणि मी मागे वळून पाहत मनात म्हणतोय, बघ, तेवढ्यात मागचं चाक बुडख्यावर आदळलं. मोठा आवाज झाला. उतरून पाहिलं तर चाकाची दांडी फिरली होती आणि बोल्ट तुटला होता. दांडीला तीन भोकं. तुझा बोल्ट मधल्या भोकात असायचा. फिरलेली दांडी मला मधल्या भोकाशी जुळवता येईना. ठोकत बसण्यापेक्षा पुढच्या भोकाशी जुळली तिथं दुसरा बोल्ट घालून आवळला. माझं थोडंच रान उरलं होतं, तेही मधलं. तास जरा वेडेवाकडे आले, पण निभावलं.

हे चाक कशासाठी असतं ते मला माहीत होतं, हे मी कबूल करतो. तवे माती उजवीकडे फेकतात, म्हणून नांगर स्वतः डावीकडे ढकलला जातो. मागचं चाक तासाच्या भिंतीला टेकून त्याला धरून ठेवतं. चाकाचा कोन चुकला की ते धरत नाही, उलट स्वतःच नांगराला डावीकडे घेऊन जातं. हे तूच मला शिकवलं होतंस, फरशांवर उभ्या त्या ट्रॅक्टरजवळ.

दुसऱ्या सकाळी तू नांगर न्यायला आलास आणि नियमाप्रमाणे विचारलंस, "काय हलवलं?"

मी म्हणालो, "काही न्हाई."

खोड सांगितलं असतं तर तू हसला असतास, बस. चार दिवस चिडवलं असतंस. तेवढंही मला नको होतं.

तू वरचं रान नांगरत असताना मी खाली काम करत होतो. तू सारखा उतरताना दिसायचास. टॉप लिंक फिरवलीस, आडवा दांडा सैल केलास, पुन्हा आवळलास, रानातच सुतळी ताणून पाहिलीस. एकदा बांधापर्यंत आलास आणि वरूनच विचारलंस, "बाळू, नांगर डावीकडं वढून राह्यला. तुझ्याकडं बराबर चालला होता का?"

"बिलकुल बराबर," मी म्हणालो.

तू सगळं तपासलंस आणि चाक तपासलं नाहीस. कारण बाकीचं जमिनीप्रमाणे बदलावं लागतं, पण चाकाला हात लागलेलाच नाही, असं तुझ्या भावाने तुला सांगितलं होतं. दादा, मला रात्रंदिवस जे टोचतं ते हेच. तू माझ्या शब्दावर विसंबलास, म्हणून तुला चूक सापडली नाही.

शेवटचे फेरे तू बांधाच्या कडेने घेतलेस, बांध डाव्या हाताला ठेवून, नेहमीसारखे. नांगराची शेपटी बांधात शिरत गेली. बांधाची माती कापून उजवीकडे, तुझ्या रानात पडली. लांबून पाहणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की उत्तमने बांध कोरला आणि माती आपल्या बाजूला घेतली. आपल्याकडे बांध कोरणं म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. चोरी केलेला माणूस एक वेळ चालतो.

जुलैत जोराचं पाणी झालं. निम्मा झालेला बांध तुझ्या रानातल्या पाण्याने बसला, आणि माझ्या नुकत्या उगवलेल्या कपाशीतून ओढा गेल्यासारखं पाणी गेलं. मी तसाच चिखलाच्या पायांनी फाट्यावर गफूरभाईच्या हॉटेलात गेलो. तिथे नेहमीची मंडळी बसली होती. काय झालं म्हणून कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, "घरच्याच माणसानं बांध कोरल्यावर मोजणी कोणाकडं मागायची?"

मंडळी हसली. चिडलेला माणूस चांगलं वाक्य बोलला की लोक हसतात आणि त्याला बरं वाटतं. मला बरं वाटलं. म्हणून मी अजून बोललो. तुझ्या रानातला मातीचा वरंबा येऊन बघा म्हणालो. दोघं-तिघं येऊन बघूनही गेले.

त्या दिवशी मला खरंच बोल्ट आठवला नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. आता मला त्याचीही खात्री देता येत नाही. एवढं खरं की जमीन जरा वाळल्यावर तू फावडं घेऊन बांधावर आलास. कोणाला काही म्हणाला नाहीस. आपल्या रानातली माती ओढून तू बांध पुन्हा घालायला लागलास. मी गोठ्यामागे नांगराला ग्रीस करत होतो. तुझं फावडं ऐकू येत होतं. चाकाजवळ ग्रीस लावायला वाकलो आणि बोल्ट पाहिला. पुढच्या भोकात.

त्या वेळी मला दोन गोष्टी करता येत होत्या. बांधाकडे चालत जाणं, ती एक. मी दुसरी केली. पान्हा घेतला, दांडी हातोड्याने ठोकून सरळ केली आणि बोल्ट मधल्या भोकात बसवला. तुझं फावडं थांबलं नाही. मी वाट पाहत होतो की ते थांबेल.

तू बांध घातलास, तो लोकांनी कबुलीजबाब धरला. चूक नसती तर घातला असता का, असं हॉटेलात बोललं गेलं, आणि मी तिथे बसून चहा प्यायलो. पुढच्या महिन्यात तुझं नाव पडलं, बांधकोरे. आडनाव असल्यासारखं. बाहेरगावचा कोणी तुझं घर विचारत आला तर पोरं विचारायची, कोणते, बांधकोरे का? तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास. तुझी लेक करुणा तेव्हा शाळेत होती. तिला ते न ऐकल्यासारखं करता आलं नाही. शेवटी तू तिला जालन्याला मस्तगडात तिच्या मामाकडे ठेवलंस. शहरातली शाळा चांगली म्हणून, असं तू सगळ्यांना सांगितलंस. ती बसमध्ये बसली तेव्हा मीही फाट्यावर होतो. तिने मला 'काका, येते' म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुझी पाळी आधी होती. मी नांगर न्यायला आलो. तू म्हणालास, "यंदा नांगर सरळ चालून राह्यला." आणि माझ्याकडे पाहिलंस.

"माती नरम असंल," मी म्हणालो.

"असंल," तू म्हणालास. मग नेहमीसारखं सांगितलंस, "टॉप लिंक आत घेतली हाये. तवे थोडे उभे केलेत. चाकाला हात लावला न्हाई."

त्यानंतर आपलं बोलणं हेच उरलं. सणावाराला, लग्नात, विहारात समोर आलो की 'जय भीम', आणि वर्षातून एकदा नांगर देताना हे. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवर नाही. पण हे एक तू कधी चुकवलं नाहीस. मी सामाईक ट्रॅक्टर विकू म्हणालो तर तू ऐकून घेतलंस आणि नाही म्हणालास. ज्या वर्षी माझी बायको दवाखान्यात होती आणि मी महिनाभर जालन्यालाच पडून होतो, त्या वर्षी घरी आलो तर माझं रान नांगरलेलं, पेरलेलं होतं. खोडाजवळ नांगर उचलल्याची खूण होती. मी आभार मानायला दारात आलो तर तू आतूनच म्हणालास, "आडवा दांडा एक बोट फिरवलाय. चाकाला हात लावला न्हाई." वहिनींनी चहा ठेवला. मी प्यायलो आणि आलो.

दरवर्षी ते शेवटचं वाक्य. मी ते डोक्यात फिरवत राहायचो. तुला माहीत होतं का? म्हणून म्हणायचास का? की नियम म्हणून, सवयीने? बोलणं काढायला तू मला दरवर्षी एक जागा करून देत होतास का, आणि मी दरवर्षी ती सोडून नांगर घेऊन जात होतो का? हे तुला विचारायला हवं होतं. तुझ्याशिवाय कोणाला विचारणार?

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होतो. तुला बोलायला त्रास होत होता. तू विचारलंस, नांगर झाकून ठेवलाय का. मी हो म्हणालो. मग मी खुर्ची जवळ ओढली. तोंड उघडलं होतं, दादा. तू वाट पाहिलीस, हे मला दिसलं. पण माझ्या तोंडून निघालं ते हे, की नवीन डॉक्टर चांगला आहे म्हणतात. तू डोळे मिटून घेतलेस.

जलदान विधीला माणसं खूप होती. वंदना झाली, भंतेजींचं झालं, मग एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलायला लागला. आपले निवृत्त गुरुजी बोलले. तुझ्यावर त्यांचा जीव, डोळे भरून आले होते. ते म्हणाले, माणसाकडून चूक होते, उत्तमरावांकडूनही एकदा बांधाच्या बाबतीत झाली, पण कोणी न सांगता स्वतःच्या हाताने त्यांनी तो बांध परत घातला, असा हा मोठा माणूस. लोकांनी माना डोलावल्या. वहिनी पांढऱ्या साडीत फोटोशेजारी बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. करुणाने घातली नाही. ती सरळ समोर पाहत होती.

तुझ्या कौतुकात सुद्धा तो आरोप शिरला होता, आणि पुढेही तो तुझ्या कौतुकाबरोबरच सांगितला जाणार होता. मी उठलो. माईक घेतला. म्हणालो की दादा आमच्या घराचा आधार होता, त्याची जागा भरून निघणार नाही. आणि बसलो. हेही तुला सांगून टाकतो, कारण लपवायची सवय एकदा तरी मोडली पाहिजे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी करुणाने निरोप पाठवला की वरचं रान नांगरायचं राहिलंय, नांगर लावून द्या. मला वाटलं, ती कोणी ड्रायव्हर आणणार. गेलो तर ती स्वतः ट्रॅक्टरपाशी उभी, डोक्याला ओढणी बांधलेली. आता ती जालन्याच्या शाळेत शिकवते, पण ट्रॅक्टर तू तिला सुट्ट्यांत शिकवला होतास, हे मला माहीतच नव्हतं. मी डाव्या चाकांखाली फरशा घातल्या. त्याच फरशा. टॉप लिंक लावली, दांडा लावला, तवे उभे केले, तू करायचास तेवढे. जातं बांधलं नाही. सुतळी तिने धरली.

सगळं झाल्यावर ती सीटवर चढली आणि चावी फिरवायच्या आधी म्हणाली, "बाळूकाका, काय हलवलं?"

तुझाच आवाज होता असं म्हणणार नाही. तिचाच होता. कामाचा प्रश्न होता, तिने कामापुरताच विचारला.

मी मागच्या चाकाजवळ उभा होतो. मी म्हणालो, "आज चाकाला हात लावला न्हाई. त्या वर्षी हलवलं होतं. हे चाक." आणि सगळं सांगितलं. खोड, तुटलेला बोल्ट, पुढचं भोक, काही न्हाई म्हणालो ते, हॉटेलात बोललो ते, आणि तू बांध घालत असताना मी बोल्ट परत बसवला ते. सांगताना माझं बोट त्या तीन भोकांवरून फिरत होतं. तिच्याकडे पाहायला मला जमलं नाही.

ती म्हणाली, "आबा म्हणायचे, नांगर आपला आपण बिघडत न्हाई अन् आपला आपण दुरुस्त होत न्हाई. मी विचारायची, मंग कोणी केलं? ते म्हणायचे, ज्यानं केलं तो सांगंल."

म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू सांगितलं नाहीस, कोणाला, पोरीलाही नाही. ती बसमध्ये बसली तेव्हाही नाही. तू माझी वाट पाहत होतास. तुझं नाव पणाला लावून वाट पाहत होतास, आणि मी ते ओझं तुझ्यावर टाकून आरामात जगत होतो. याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्यावर रागवावं, मला कळत नाही. एकदा माझ्या थोबाडीत मारली असतीस तर आपण दोघंही सुटलो असतो.

मी करुणाला म्हणालो, पोरी, मला माफ कर. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार, काका? मी कधी आबांना बांधकोरे म्हणलं न्हाई. तुम्ही ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोर बोला."

तिने ट्रॅक्टर सुरू केला. पहिला तास सरळ गेला. बांधाशी आली तेव्हा तिने ट्रॅक्टर वळवून घेतला आणि उलट्या बाजूने आणला, बांध उजव्या हाताला ठेवून. तव्यांनी तुझ्या रानातली माती उचलून बांधावर टाकली. तू फावड्याने घातलेला तो बांध मधे मधे खचला होता, तिथे माती चढत गेली.

दुसऱ्या सकाळी मी फाट्यावर गेलो. गफूरभाईचं हॉटेल आता त्याचा मुलगा चालवतो, गफूरभाई गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. मंडळी थोडी बदललीत, पण त्या दिवशी हसलेले दोघं-तिघं होते. गुरुजीही पेपर घेऊन बसले होते, मीच त्यांना या म्हटलं होतं. मला चहा आला. मी तो घेतला नाही. बसून बोललो असतो तर पुन्हा डॉक्टरचं किंवा पाण्यापावसाचं काही निघालं असतं, म्हणून उभा राहिलो. गफूरभाई म्हणाले, "क्या हुआ बाळू, बैठो ना." मी म्हणालो, उभ्यानेच बोलू द्या, बसून बोललो होतो ते खोटं होतं.

आणि मग मी जे बोललो ते इथे तसंच लिहितो, म्हणजे तुलाही ऐकल्यासारखं होईल:

"याच बाकावर बसून मी म्हणलो होतो की उत्तमदादानं बांध कोरला. दादानं बांध कोरला न्हाई. नांगराचं मागचं चाक मी बिघडवलं होतं, खोडावर घालून. दादानं विचारलं तं मी काही हलवलं न्हाई म्हणून सांगितलं, अन् नांगर त्याला बांधात घेऊन गेला. मला कळलं तव्हा मी गुपचूप चाक नीट केलं अन् गप बसलो. बांध त्यानं घातला, चूक माझी होती. कोणाला बांधकोरे म्हणायचं असंल तं आजपासून मला म्हणा. दादा, माझं चुकलं. मला माफ कर."